मेहुण्याची शिट्टी

१४ एप्रिल

पंचसाहेब,

तुझी ताई समोर बसलीय म्हणून हे पत्र लिहितोय. तिनेच कोरे कागद पुढ्यात टाकले आणि म्हणाली, "फोन तो उचलत नाही, निरोप वाचत नाही. पत्र निदान फाडायच्या आधी उघडेल तरी." मी याआधी हाताने पत्र लिहिलं ते तिलाच, लग्नाआधी. ते पोचवायचं काम तुझ्याकडे होतं, आणि पोचवण्याआधी तू ते वाचलं होतंस हे मला तेव्हाही कळलं होतं. असो.

ताईचं म्हणणं, "झालं ते तुमच्या बाजूने एकदा नीट लिहून काढा." तेव्हा तुला ठाऊक असलेलंच परत लिहितोय. वैतागू नकोस. वैतागायचा मक्ता सध्या माझ्याकडे आहे.

तर आपल्या बास्केटबॉल लीगचा अंतिम सामना. आम्ही एका गुणाने मागे. घड्याळात जेमतेम एक चाल उरलेली. चेंडू आमच्या शिडीकडे. त्याच्या उंचीमुळे हे नाव मीच त्याला ठेवलं, आता त्याची आईसुद्धा त्याला तेच म्हणते. शिडी रिंगखालून उडाला. त्यांचा बचाववाला एक हात सरळ वर करून चिकटून उभा. चेंडू रिंगला लागून बाहेर आला. मी डोळे मिटले. म्हटलं, चला, पुन्हा उपविजेते. आणि शिट्टी वाजली. तुझी. बाकीच्या दोन पंचांचे हात खालीच होते. शिडीने दोन्ही फ्री थ्रो टाकले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा लीग जिंकलो.

नंतर पत्रकारांसमोर बसलो. मागच्या पडद्यावर तोच क्षण, या बाजूने, त्या बाजूने, वरून. एका पत्रकार मुलीने विचारलं, "कोच, खरं सांगा, हा फाउल होता?" मी वळून पाहिलं. कुठेही हात लागलेला दिसेना. "मला तरी दिसत नाही," म्हणालो. झालं. एवढंच बोललो मी. खोटं बोलायला हवं होतं का?

दुसऱ्या दिवशी हरलेल्या क्लबने तक्रार ठोकली, की पंच हा जिंकलेल्या कोचचा सख्खा मेहुणा आहे. जसा काही त्यांना रात्रीतून शोध लागला! सीझनच्या सुरुवातीला सगळ्या क्लबांनी 'आमची हरकत नाही' म्हणून सह्या केल्यात. का नसावी हरकत? माझ्या संघाला सगळ्यांत जास्त छळणारा पंच कोण, हे लीगमधलं शेंबडं पोर सांगेल. पण तक्रारीला पुरावा म्हणून त्यांनी जोडलं काय, तर माझंच वाक्य. 'जिंकलेला कोचसुद्धा म्हणतो फाउल नव्हता.' लीगने तुला घरी बसवलं, चौकशी लावली, आणि तू तोंडाला कुलूप लावून बसलास.

अरे, पक्षपात केला नाही एवढं तरी सांग त्यांना! चूक झाली म्हण. पंचांच्या चुका होतात. माझ्या संघाबाबत तर हौसेने व्हायच्या. चुकीची शिक्षा एक-दोन सामन्यांची. गप्प बसलास तर कायमची जाईल शिट्टी.

लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे. तेवढं जमत नसेल तर निदान फोन उचल.

तुझा,
भावोजी

&nbsp;

२९ एप्रिल

पंचसाहेब,

पंधरवडा उलटला. पोस्टमन तुमच्या गल्लीत येतो ना? की त्यालाही बाहेर काढलंस?

इकडे माझी काय दशा आहे ते ऐक. मी प्रामाणिक झालोय. म्हणजे तसं पेपरात छापून आलंय. एकाने तर अग्रलेख लिहिला, की स्वतःच्या विजयाविरुद्ध बोलणारा माणूस हल्ली दुर्मिळ. न्हावी पैसे घेत नाही. खालच्या मजल्यावरच्या बाई मला लिफ्टमध्ये आधी शिरू देतात. आणि लीगने मला 'खेळभावना सन्मान' जाहीर केलाय. खरं बोललो ते मी, त्याचं बक्षीस मला आणि शिक्षा तुला. हे कुठलं गणित आहे, तू तरी सांग. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे संन्याशाच्या फाशीला मला हार घालून बसवणार आहेत.

आमच्या क्लबचे अध्यक्ष वेगळेच पेटलेत. काल ऑफिसात बोलावून म्हणाले, "कोच, एक सांगा, हा कप आम्ही कपाटात मांडायचा की कपाटामागे लपवायचा?" माझा करार जूनमध्ये संपतोय. नव्या कराराचा विषय काढला तर ते खिडकीबाहेर बघायला लागतात. त्या खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नाही, पार्किंग आहे.

सन्मानाच्या दिवशी दाखवायला माझ्यावर छोटी फिल्म करतायत. कॅमेरा घेऊन एक मुलगी घरी आली. "सर, तुमचा प्रवास सांगा." काय सांगू? पहिला संघ आमचा सिमेंट कारखान्याचा. खेळाडू कमी पडायचे म्हणून बसच्या ड्रायव्हरला जर्सी घालायचो. आणि खरं सांगतो, त्याचा डावा हात भल्याभल्यांना ऐकत नसे. मग एका क्लबने काढलं, दुसऱ्याने घेतलं. एका अध्यक्षांनी काढलं ते असं, की "नवे कोच उद्या येतायत, आजची प्रॅक्टिस तेवढी घेऊन टाका." मी घेतली! पोरं कोर्टवर उभी होती, त्यांना काय परत पाठवायचं? दर बदलीला तुझ्या ताईने घर हलवलं. नव्या घराच्या खिडक्या दर वेळी वेगळ्या मापाच्या. चौथ्या घरापासून तिने पडदे शिवायचंच सोडलं. वर्तमानपत्रं लावायची, ज्यांत मी हरल्याच्या बातम्या असायच्या. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या उजेडाबरोबर माझा पराभव घरात यायचा. अंतिम फेऱ्या मी इतक्या हरलोय, की हरल्यावर करायच्या भाषणात फक्त वर्ष बदलायचो.

त्या मुलीने विचारलं, "कारकिर्दीतला अविस्मरणीय क्षण कोणता?" मी विचार करतोय तोवर तुझी ताई स्वयंपाकघरातून ओरडली, "आमच्या लग्नाच्या वाढदिवशी माझ्या भावाने यांना भर सामन्यातून हॉलबाहेर काढलं तो!" आणि वर हेही सांगितलं, की मी बाहेर जाताना सगळ्यांत आधी टाळ्या तिनेच वाजवल्या. मुलीला हसू आवरेना. मग गंभीर होऊन म्हणाली, "मग सर, इतका कडक पंच शेवटच्या क्षणी तुमच्या बाजूने का...?"

मी म्हटलं, कॅमेरा बंद कर.

चौकशी दोन जूनला आहे, लीगच्या कचेरीत, अकरा वाजता. तुला नोटीस आली असेलच. ये. राग धरून ये, माझ्याकडे पाठ करून बस, पण ये.

भावोजी

(खाली मी लिहितेय. मी तुमच्यात पडत नाही. दोघेही एका माळेचे मणी आहात. जेवतोस ना वेळेवर? — ताई)

&nbsp;

१२ मे

अरे धाकट्या,

आज मी इतका चिडलोय की कुणावर चिडायचं तेच ठरत नाहीये. रांग लागलीय. तू रांगेत आहेस, पण आज पहिला नंबर तुझा नाही.

सकाळी शिडी घरी आला. दुसऱ्या क्लबशी त्याचा करार झालाय, म्हणून भेटायला. दारातून वाकून आत आला, सोफ्यावर बसला तर गुडघे छातीशी. ताईने चहा दिला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. निघताना मी माझ्या सवयीप्रमाणे एक सल्ला दिला. म्हटलं, "उडीवर मेहनत घे. शेवटच्या क्षणी चांगली हातभर कमी पडली होती. लॉकर रूममध्येही बोललो होतो तुला."

तो उठता उठता पुन्हा खाली बसला. "सर, उडी कमी नव्हती पडली."

"मग काय झालं?"

"चड्डी धरली होती."

"कुणी?"

"त्यानेच. एक हात वर होता ना, सगळ्यांना दिसेल असा. दुसऱ्या हाताने मागून कमरेशी धरली होती. इलॅस्टिकमध्ये बोटं घालून. भिंतीकडच्या बाजूने. तिकडे कॅमेरा नसतो, सर. फक्त पंच होते तिकडे, रिंगच्या मागे."

तुझी ताई चहाचं पातेलं घेऊन उभी होती, ती तशीच खुर्चीवर बसली.

"आणि हे तू मला आज सांगतोयस?"

"सर, तुमचाच नियम. फाउलचं रडगाणं गायचं नाही. तोंडाने खेळायचं नाही."

"अरे, तो सामन्यात! सामना संपल्यावर सांगायला काय झालं होतं?"

"संपल्यावर तुम्ही टीव्हीवर सांगितलंत की फाउल नव्हता. मला वाटलं, सरांनी काहीतरी विचार करूनच सांगितलं असणार. मी उठून तुम्हाला खोटं कसं पाडू?"

"मला विचारायचंस तरी!"

"तुम्ही मला विचारलंत का, सर?"

उद्धटपणे नाही म्हणाला. उद्धट असता तर बरं झालं असतं, ओरडता आलं असतं. साधं विचारलं त्याने. मी त्याला दोन वर्षं शिकवलं. पाय कुठे ठेवायचा, कोपर कुठे, झोपायचं किती वाजता. आणि ज्याच्या अंगाशी तो प्रकार घडला त्याला सोडून मी पडद्याकडे बघत बसलो.

तो गेल्यावर त्या पत्रकार मुलीला फोन लावला. सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "कोच, मी समजू शकते. शेवटी घरचं माणूस आहे." मी म्हटलं, "अहो, मी आता खरं सांगतोय!" ती म्हणाली, "तेव्हाही तुम्ही हेच म्हणाला होतात."

अध्यक्षांना सांगितलं, तर त्यांचा चेहरा खुलला. "वा, कोच! हे आधी का नाही सुचलं?" सुचलं! त्यांना वाटलं मी आत्ता बनवलं.

म्हणजे बघ. चुकीचं बोललो तेव्हा अख्खं गाव म्हणालं, काय हा सत्यवचनी माणूस. आता खरं बोलतोय तर लोक समजूतदारपणे मान हलवतात. ओरडलो असतो तर बरं, पण समजूतदारपणावर ओरडता येत नाही. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, आणि हात माझा, अवलक्षण तुझ्या कपाळी.

मी चुकलो. हे वाक्य इथेच संपतं. (पुढे 'पण' लिहिला होता. ताईने खोडला.)

दोन तारखेला शिडी साक्ष द्यायला येतोय. मी आहेच. तू ये.

भावोजी

&nbsp;

३ जून

धाकट्या,

तू आला नाहीस.

काय झालं ते तुला लीगच्या कागदावरून कळेलच, पण तो कागद सभ्य भाषेत असेल म्हणून माझ्याकडून ऐक.

समितीत तिघं. मधोमध एक निवृत्त वकील. डावीकडे एक टायरचे व्यापारी, लीगला जाहिराती देतात म्हणून समितीवर. उजवीकडे एक जुना खेळाडू, ज्याला मी एके काळी संघातून काढलं होतं. त्याने मला बघून इतकं गोड स्मित केलं की मला निकाल तिथेच कळला.

शिडी बिचारा नव्या क्लबची प्रॅक्टिस बुडवून आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने सांगितलं, जसं मला सांगितलं तसंच. वकील म्हणाले, "खेळाडू तुमचा, पंच तुमचा, कप तुमचा. साक्षही तुमचीच." मी म्हटलं, मग त्या बचाववाल्याला बोलवा. ते म्हणाले, बोलावलं होतं, त्याने लिहून दिलंय, आपल्याला काही आठवत नाही. त्याला मी स्वतः आधी फोन केला होता. मला म्हणाला, "सर, सगळेच धरतात हो," आणि फोन ठेवला.

तरी मी शांत होतो. खरंच होतो. मग टायरवाले म्हणाले, "पण नुसती चड्डी धरल्याने एवढ्या उंच माणसाची उडी अडते, हे काही पटत नाही." मी म्हटलं, "उठा." ते उठले. भला माणूस आहे. "उडी मारा," म्हटलं, आणि मागून त्यांचा पट्टा धरला. ते जमिनीवरून सुटले नाहीत. पुन्हा मारली, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा त्यांना स्वतःलाच हौस आली. वकील ओरडले, "ही चौकशी आहे, सर्कस नव्हे!" मीही ओरडलो, की सर्कशीत निदान माणूस झोक्यावरून पडला तर खाली जाळी असते. आणखीही बरंच बोललो. त्यात ते प्रामाणिकपणाचं सन्मानपत्र तुमचं तुम्ही ठेवा, शोभेल तुम्हाला, असंही एक वाक्य होतं.

मला बाहेर जायला सांगितलं. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी मला बाहेर काढण्याची ही पहिलीच वेळ. तुझ्याइतकं ऐटीत नाही जमलं त्यांना.

संध्याकाळी निकाल आला. हेतू वाईट होता हे सिद्ध झालं नाही, पण निर्णय संशयास्पद. तुला मोठ्या लीगमधून दोन सीझन बाहेर ठेवणार. खालच्या गटाचे सामने घ्यायला हरकत नाही. म्हणजे मारलं नाही, पाय तोडले. माझा सन्मान रद्द. आणि आज सकाळी अध्यक्षांनी पार्किंगकडे न बघता, सरळ माझ्याकडे बघून सांगितलं की करार वाढवणार नाहीत. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

दुपारी ऑफिस रिकामं केलं. एवढ्या वर्षांचं सामान एका खोक्यात मावलं, आणि त्यातही निम्म्या पाण्याच्या बाटल्या निघाल्या. दार लावताना वाटलं होतं, काहीतरी दाटून येईल. आला तो रागच. माझं वय झालंय, मला आज ना उद्या जायचंच होतं. तुझं तसं नव्हतं. तुझ्याइतका चांगला पंच मी बघितलेला नाही, आणि हे मी सगळ्यांत जास्त वेळा तुझ्यामुळे हरलेला माणूस म्हणून सांगतोय. कोर्टवर कधी सांगितलं नाही, कारण तू त्यावरही शिट्टी वाजवली असतीस.

 ताई मघाशी नुसतं म्हणाली, "माझा भाऊ गेला, माझा नवरा घरी आला. दोघांपैकी कुणाला मी हे सांगितलं होतं करायला?"

आता तरी बोल. का आला नाहीस ते सांग. नाहीतर एक सणसणीत शिवी दे, पण बंद पाकिटात का होईना, दे.

भावोजी

&nbsp;

११ जून

भावोजींना नमस्कार.

तुमची चारही पत्रं मिळाली. पहिलं फाडलं होतं. मग चिकटवून वाचलं. ताईला सांगा, वेळेवर जेवतो.

दोन तारखेला मी आलो होतो. जिन्यापर्यंत. वरच्या पायऱ्यांवर बसलो होतो, तिथून तुमचा आवाज शब्दन् शब्द ऐकू येत होता. टायरवाल्यांना तुम्ही उडी मारायला लावलीत तेव्हा मी हसलो. एप्रिलपासून हसलो नव्हतो. तुम्ही बाहेर आलात तेव्हा मी वळणाआड होतो, तुम्ही तरातरा लिफ्टकडे गेलात. हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

आत का गेलो नाही ते सांगतो. नोटिशीत त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, 'सदर निर्णय आपण कुणाच्या सांगण्यावरून दिला?' त्याला मी काय उत्तर देणार? माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी काही सांगितलं नाही आणि मी कुणाचं ऐकलं नाही. चूक झाली म्हणा, असं तुम्ही लिहिलंत. चूक झाली असती तर म्हटलं असतं. फाउल न देता गप्प बसलो असतो तर आज मी लीगमध्ये असतो, तुम्ही उपविजेते असता आणि सगळे सुखी असते. हे मला तिथे, रिंगमागे उभं असतानाच कळत होतं. शिट्टी ओठांत होती आणि समोर बेंचवर डोळे मिटलेले तुम्ही. मनात आलं, वाजवली तर लोक नातं काढणार. आणि नातं आहे म्हणून न वाजवावी, तर मग इतकी वर्षं मी केलं काय?

लीगचा मला राग नाही. ते लोक तसेच आहेत. शिडीचाही नाही. तुमच्या टीव्हीवरच्या वाक्याचाही राग असा नाही. तुम्हाला पडद्यावर दिसलं नाही, तुम्ही दिसलं नाही म्हणालात.

पण भावोजी, मी तुमच्याविरुद्ध निर्णय दिला की तुम्ही बेंच सोडून माझ्या अंगावर यायचात. नाकाला नाक लावून ओरडायचात, "काय दिसलं रे तुला? सांग, काय दिसलं?" मी आरडाओरड्याबद्दल टेक्निकल फाउल द्यायचो, फारच झालं तर बाहेर काढायचो. नियम म्हणजे नियम. पण घरी जाताना मला बरं वाटायचं. हजारो माणसं मला नुसत्या शिव्या घालायची. मला काय दिसलं हे विचारणारे एकटे तुम्ही होतात. या वेळी पहिल्यांदाच शिट्टी तुमच्या बाजूने वाजली, आणि तुम्ही पडद्याला विचारलंत. मग शिडीला विचारलंत. त्या बचाववाल्याला फोन केलात. टायरवाल्यांना उडी मारायला लावलीत. चार पत्रांत मला फोन का उचलत नाहीस, का येत नाहीस, पोस्टमन येतो ना, सगळं विचारून झालं. तेवढं एक सोडून.

मला काय दिसलं ते मी कागदावर लिहिणार नाही. शनिवारी दुपारच्या बसने येतोय. ताईला दार उघडू देऊ नका, तुम्ही उघडा. आणि विचारा. आवाज चढवून विचारलंत तरी चालेल. घरात टेक्निकल नसतं.

तुमचा,
धाकटा